आठ अंकांची गिरकी
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मघाशी माझी ओळख करून देताना सांगितलं गेलं, की हा रिमोटचं हेलिकॉप्टर उडवतो. लगेच मागच्या रांगेतून आवाज आला, "पोराचं का नातवाचं?" आवाज मी ओळखला. त्याचं उत्तर देतो, पण आधी एक जुनी गोष्ट सांगावी लागेल. ती सांगायची म्हणूनच मी बोलायला उभा राहिलो आहे.

नववीत आपलं 26 जानेवारीचं लेझीम आठवतं का? चाळीस मुलं, पाच रांगा. सरांची शिट्टी वाजली की सगळे उजवीकडे वळायचे. सगळे, म्हणजे मी सोडून. मला डावं-उजवं कळत नाही. लहानपणी कळत नव्हतं असं नाही, आजही कळत नाही. भाकरी कोणत्या हातानं खातो ते आठवून मग मी ठरवतो, की हा उजवा. तोवर रांग वळून गेलेली असते. तालमीत मी तिसऱ्यांदा चुकीच्या बाजूला वळलो आणि माझी लेझीम शेजारच्याच्या भुवईला लागली. तो गृहस्थ आज दुसऱ्या रांगेत बसला आहे. खूण अजून आहे, जेवताना बघून घ्या.

सरांनी माझ्या हातातली लेझीम काढून घेतली आणि ढोलाची काठी दिली. म्हणाले, "तू वळू नकोस. तू फक्त अंक चुकू देऊ नकोस." त्या दिवसापासून मी झाडाखाली एका जागी उभा राहून ढोल वाजवला. एक ते आठ, पुन्हा एक ते आठ. तुम्हां सगळ्यांना पांढऱ्या टोप्या आणि कमरेला लाल पट्टे मिळाले, मला नाही. सर, खरं सांगतो, फार राग आला होता तुमचा. घरी मी सांगितलंही नाही, की मला लेझमीतून काढलं.

पुढे आयुष्यभर मी वळणं टाळत आलो. माझा धंदा तुम्हाला माहीत आहे, मोटार रिवायंडिंगचा. विहिरीवरच्या, बोअरच्या मोटारी जळाल्या की आपल्या तालुक्यातले लोक माझ्याकडे येतात. या धंद्यात तर दिशाच सगळं. थ्री-फेज मोटारीच्या दोन वायरी अदलाबदल झाल्या, तर मोटार उलटी फिरते. एखादी कॉइल उलट भरली, तर मोटार नुसती घूं घूं करते आणि तापते. सुरुवातीला एका शेतकऱ्याची मोटार मला पदरचं तांबं घालून दोनदा भरून द्यावी लागली. तेव्हापासून मी प्रत्येक कॉइलच्या सुरुवातीच्या टोकाला लाल दोरा बांधतो. लोक म्हणतात, कामात पक्का आहे. पक्का नाही, घाबरट आहे.

आता हेलिकॉप्टर. माझा भाचा पुण्याला असतो. त्यानं हौसेनं एक घेतलं, दुसऱ्याच दिवशी पाडलं आणि दिवाळीला येताना खोक्यात घालून माझ्याकडे आणलं. "मामा, मोटार गेली का बघा." मोटार चांगली होती. पाती, मुख्य दांडा आणि शेपटाची नळी गेली होती. सामान मागवून मी ते जोडलं. जोडल्यावर ते फिरतं का, हे बघायला मळ्यात नेलं. दोन फूट उचललं, माझ्याचकडे वळलं, मी बावरून भलतीच स्टिक ओढली आणि ते वखरलेल्या ढेकळांत नाक खुपसून पडलं. बांधावरचे आबा म्हणाले, "काय भो, हे काय पेरू राह्यला?"

तिथून मला त्याचं वेड लागलं. ते खेळणं नाही, हे आधी समजून घ्या. माझ्याकडचं यंत्र जेमतेम पाऊण-एक किलोचं आहे. वरच्या पात्यांचा घेर 70 सेंटीमीटर आणि मिनिटाला सुमारे 2800 फेरे. आपल्या गणिताच्या सरांसमोर हिशेब मांडतो: एका फेऱ्यात टोक सव्वादोन मीटरच्या आसपास जातं, म्हणजे सेकंदाला शंभराहून जास्त मीटर, म्हणजे ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या वर. बरोबर ना, सर? त्या पात्यासमोर हात आला, तर तो हात राहत नाही. 2013 साली न्यूयॉर्कमध्ये 19 वर्षांचा एक मुलगा, चांगला सरावलेला, स्वतःच्याच हेलिकॉप्टरच्या पात्यानं गेला.

मोठ्या हेलिकॉप्टरमध्ये जे असतं, तेच यात असतं. जर्मनीच्या डीटर श्ल्यूटर यांनी 1970 च्या सुमारास असं छोटं हेलिकॉप्टर नीट ताब्यात ठेवून उडवून दाखवलं, तिथून हा छंद पसरला. वरची पाती एका दिशेनं फिरतात, म्हणून अंग उलट दिशेनं फिरू बघतं. त्याला शेपटाचा छोटा पंखा धरून ठेवतो. त्या पंख्याला हुकूम देते जायरोची चिप. मोबाइलमध्ये असते ना, त्याच जातीची चिप. पात्यांचा कोन बदलला की वर-खाली. पात्यांची तबकडी कलवली की पुढे-मागे आणि दोन्ही बाजूंना. शेपटाच्या पंख्याची ओढ बदलली की जागच्या जागी गिरकी. हे सगळं दोन अंगठ्यांत. डाव्या स्टिकवर पात्यांचा कोन आणि गिरकी, उजव्या स्टिकवर तबकडीचा कल.

एक गोष्ट मात्र मोठ्यापेक्षा वेगळी. आपल्या हवाई दलाचं 'सारंग' पथक ध्रुव हेलिकॉप्टरं घेऊन कसरती करतं, त्या तुम्ही टीव्हीवर पाहिल्या असतील. ते अंगावर काटा आणणारं उड्डाण आहे. पण मोठं हेलिकॉप्टर पालथं होऊन हवेत उभं राहू शकत नाही. छोटं राहतं. कारण त्याची पाती दोन्ही बाजूंनी सारख्या आकाराची असतात आणि त्यांचा कोन जेवढा धन होतो, तेवढाच ऋणही होतो. जोरही त्याच्या वजनाच्या मानानं अफाट असतो. त्यामुळे ते पालथं पडून, पाय आभाळाकडे करून, मजेत हवेत थांबतं. फक्त तेव्हा ते वर न्यायचं असेल, तर स्टिक खाली ओढावी लागते.

अशात भाच्यानं एक चित्रफीत दाखवली. हेलिकॉप्टर हवेत कोलांट्या मारतंय, आणि मारता मारता स्वतःभोवती भिंगरीसारखं फिरतंय. जागा मात्र सोडत नाही. याला 'पिरो-फ्लिप' म्हणतात, म्हणजे गिरकीसह कोलांटी. अमेरिकेचा जगज्जेता खेळाडू कर्टिस यंगब्लड याला या कसरतीचं श्रेय देतात. भाचा म्हणाला, "मामा, हे सगळ्यांत अवघड. यात डावं-उजवं क्षणाक्षणाला बदलतं." ज्याला लेझमीत एकदा वळता आलं नाही, त्यानं हे ऐकून गप्प बसायला हवं होतं. मी म्हटलं, बघूया.

पहिलं वर्ष नुसतं उभं राहण्यात गेलं. म्हणजे हेलिकॉप्टर हवेत एका जागी उभं करायचं. शेपूट माझ्याकडे असेल, तर सोपं. नाक माझ्याकडे आलं, की त्याची डावी ती माझी उजवी. मग आडवं, मग तिरकं. अशा आठ दिशा. त्या आठही दिशा पालथं करून पुन्हा. हे सगळं आधी संगणकावरच्या सिम्युलेटरवर, रात्री दुकान बंद केल्यावर. तिथे पाडलं तर बटण दाबायचं, नवं हेलिकॉप्टर तयार. मळ्यात पाडलं तर तीन-चार हजार रुपये आणि सामान येईपर्यंत पंधरा दिवस थांबणं. एकदा ते कपाशीच्या उभ्या पऱ्हाट्यांत शिरलं. एकदा विहिरीत गेलं. एप्रिल महिना आणि आपलं बोदवड, त्यामुळे भिजायची काळजी नव्हती. साठ फूट खाली, ठणठणीत कोरड्या दगडावर.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा 44-45 वर जातो, बॅटऱ्या हाताला चटके देतात, म्हणून उडवणं पहाटे. संध्याकाळी उडवू नये, हेही शिकलो. मावळतीला यंत्र काळं दिसतं, ते आपल्याकडे कललंय की पलीकडे, हे डोळ्याला कळत नाही. म्हणून मी त्याचं टोपण भडक पिवळं रंगवलं.

दुसऱ्या वर्षी साध्या कोलांट्या आल्या. साध्या गिरक्याही आल्या. दोन्ही एकत्र केल्या, की तीन सेकंदांत जमिनीवर. सहा महिने एवढंच चाललं. मी डोकं लावत होतो, की आता नाक इकडे आहे, म्हणजे आता हे, आता ते. डोकं उत्तर काढेपर्यंत नाक पुढे गेलेलं असायचं. अगदी लेझमीसारखं.

मग एका रात्री घरातली स्टीलची थाळी घेतली. कडेला कुंकवाचा ठिपका लावला, ते नाक. घरच्यांना वाटलं, आता हा देवऋषी झाला. तुम्हीही कल्पनेत थाळी आडवी धरा. ती मला सारखी पलीकडे पालथी घालत न्यायची आहे, म्हणजे पलीकडची कड खाली. आणि त्याच वेळी ती घड्याळाच्या दिशेनं फिरवायचीही आहे. ठिपका पलीकडे आहे, तेव्हा हेलिकॉप्टरला सांगायचं, 'पुढे'. ठिपका उजवीकडे आला, की पलीकडची कड त्याच्या डाव्या हाताला आली. म्हणून सांगायचं, 'डावीकडे'. ठिपका माझ्याकडे आला, की 'मागे'. ठिपका डावीकडे गेला, की 'उजवीकडे'. पुढे, डावीकडे, मागे, उजवीकडे. म्हणजे गिरकी घड्याळाच्या दिशेनं, तर उजवी स्टिक घड्याळाच्या उलट गोल. एका गिरकीला एक गोल. थाळी पालथी झाली, तरी क्रम तोच राहतो. नाक कुठे आहे हे बघायचंच नाही. फक्त गोल आणि गिरकी एका चालीत ठेवायची.

दुसरा अंगठाही त्याच चालीत. एका कोलांटीत दोन गिरक्या घेतल्या आणि प्रत्येक गिरकीचे चार अंक धरले, तर होतात आठ. एकला यंत्र सरळ, पात्यांचा कोन धन. तीनला ते उभं, कोन शून्य. पाचला पालथं, कोन ऋण. सातला पुन्हा उभं, कोन शून्य. आठ संपले की परत एक. शून्याच्या जागी थोडा जरी कोन राहिला, तर यंत्र बाजूला पळतं. पाचला कोन कमी पडला, तर खाली बसतं.

थाळी हातात धरून मी मोठ्यानं मोजायला लागलो. एक, दोन, तीन, चार. आणि मोजता मोजता माझा पाय जमिनीवर वाजायला लागला. तो पाय कुठे शिकला होता, हे मला एकदम आठवलं. झाडाखाली. ढोलाजवळ. तुम्ही चाळीस जण वळत होतात, तेव्हा वळण्याचा हिशेब मी ठेवत होतो. तुमच्यातला एकही मुलगा आठचे सात करू शकला नाही, कारण काठी माझ्या हातात होती. मला दिशा कळत नाही, पण अंक कळतात. हे मला सेहेचाळिसाव्या वर्षी थाळी हातात धरून समजलं. सरांना ते मी चौदा वर्षांचा असताना दिसलं होतं.

लगेच जमलं, असं समजू नका. आधी चालच धीमी करावी लागली. सिम्युलेटरवर अर्धी कोलांटी आणि एक गिरकी, म्हणजे एक ते पाच. पालथं झालं, की थांब. श्वास घे. मग पाच ते एक. थांब. असं रोज रात्री अर्धा तास, तीन महिने. नंतर थांबा काढून आठ जोडले. मग गिरकी उलट दिशेनं, म्हणजे गोलही उलट. ते पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागलं, ढोल डाव्या हातानं वाजवल्यासारखं. मळ्यात जमलं तेव्हा तिसरं वर्ष संपत आलं होतं. एका सकाळी ओळीनं चार कोलांट्या झाल्या आणि यंत्र जिथे सुरू झालं तिथेच होतं. बघायला फक्त आबा होते. ते म्हणाले, "आता उतरव, बैल बुजू राह्यले."

आता एक गोष्ट सांगतो, जी मी फारशी कुणाला सांगितलेली नाही. त्यानंतरच्या डिसेंबरात, सकाळी, मी अशाच कोलांट्या मारत होतो. मेंढ्या चारणाऱ्यांचा एक सात-आठ वर्षांचा पोरगा बांधाआडून निघाला आणि हेलिकॉप्टरकडे बघत धावत सुटला. मान वर, पाय आपोआप. मी ओरडलो. आवाजात त्याला ऐकू गेलं नाही. माझ्या डोक्यात दोन विचार आले. पहिला, की अंक पुरे करावेत आणि यंत्र सरळ करून लांब न्यावं. दुसरा, की माझ्या डाव्या-उजव्याचा भरवसा नाही. 'लांब' म्हणून मी त्याला पोराकडेच नेलं तर? मी होल्डचं बटण पाडलं. मोटार बंद. पालथं यंत्र दगडासारखं आलं आणि पोरापासून पंचवीस-तीस पावलांवर जमिनीत घुसलं. पाती तुटून उडाली, एक तुकडा माझ्या पायापाशी पडला. पोरगा थांबला, हसला आणि म्हणाला, "परत उडव ना."

मी खाली बसलो. हात इतके थरथरत होते, की बॅटरीची पिन निघेना. त्यानंतर दोन महिने मी खोकं उघडलं नाही. घरातही कुणाला कारण सांगितलं नाही, यंत्र मोडलंय एवढंच म्हणालो. मोडलेलं यंत्र तर दोन दिवसांत जोडून झालं असतं.

पुन्हा सुरू केलं ते काही नियम करून. मळ्याच्या दोन्ही वाटांवर माणूस उभा असल्याशिवाय मोटार चालू करायची नाही. बघणारे माझ्या मागे, पांढऱ्या फक्कीच्या रेघेच्या पलीकडे. बाहेरचं कुणी रेघेच्या आत आलं, की विचार न करता होल्ड. आणि दर वेळी उडवण्याआधी मी एकदा होल्ड पाडून बघतो, अंगठा तिथे आंधळेपणानं पोचतो की नाही. सरकारी नियम तर आहेतच. 2021 च्या ड्रोन नियमांत 25 किलोपर्यंतची हौसेची मॉडेल डोळ्यांसमोर ठेवूनच उडवायची, असं आहे. कुठे उडवायला मोकळीक आहे, हे नकाशावर आधी बघायचं असतं. हिरव्या भागातही 120 मीटरची मर्यादा. भुसावळ आणि वरणगावला आयुध निर्माणी आहेत, त्या बाजूला मी खोकंसुद्धा उघडत नाही.

त्या मेंढपाळाच्या पोराला मी नंतर शोधलं. आता त्यांचा वाडा आपल्याकडे येतो, तेव्हा तो रेघेजवळ उभा राहून अंक मोजतो. आठपर्यंतच येतात त्याला. तेवढे पुरतात.

आता मागच्या रांगेला उत्तर. हेलिकॉप्टर पोराचं नाही आणि नातवाचंही नाही. माझंच आहे. आणि ते शिकवलं कुणी, तर पहिल्या रांगेत उजव्या बाजूला... नाही, थांबा... डाव्या बाजूला बसलेल्या आपल्या खेळाच्या सरांनी. सर, तुमची ऐंशी वर्षं पूर्ण झाली, असं मघाशी कळलं. तुम्ही माझ्या हातातून लेझीम काढून घेतली, याचा राग मी तीस वर्षं ठेवला. काठी हातात दिलीत, हे मी विसरलो होतो. आज सगळ्यांसमोर सांगतो, राग संपला. उशीर झाला, त्याची माफी असावी.

शेवटी एक विनंती. उद्या सकाळी सातला, वारा सुटायच्या आत, मळ्यात या. सगळेच या, चहाची सोय आहे. रेघेच्या मागे उभं राहायचं, लहान मुलांचे हात धरायचे. मी आठ अंकांच्या चार कोलांट्या मारणार आहे. पडलं तर पडलं, सुटं सामान घरी आहे. सरांसाठी खुर्ची ठेवली आहे. सर, अंक तुम्ही मोजायचे. मी चुकू देणार नाही.